डाव्या खवाट्याखाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मास्तरांनी मला हातात कोळसा धरायला शिकवलं त्यांना नाही. देवापुढे बसतो तेव्हासुद्धा — खरं सांगायचं तर — तिथे मी दुसऱ्याच गोष्टी बोलतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून. एखादी गोष्ट दडवून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता कमी पडतो.

आधी एक लहानसं सांगतो, म्हणजे मला जरा धीर येईल. रोज सकाळी अंघोळीआधी मी टाचणीने माझ्या बोटांची टोकं टोचून बघतो. मग कोपरं. मग पायाचे अंगठे. दुखलं की हायसं वाटतं. बायको म्हणते, "लोक सकाळी उठून हाताकडे बघतात आणि देवाचं नाव घेतात, आमच्याकडे हाताला टाचणी टोचतात." तिला वाटतं ही आईकडून आलेली खोड. तेही खोटं नाही.

आमच्या गल्लीत, मी लहान असताना, एका तांबटाला महारोग झाला. त्याच्या घरच्यांनी आधी त्याचं अंथरूण मागच्या पडवीत टाकलं, आणि मग एक दिवस ते अंथरूणही तिथे नव्हतं. कुठे गेला, कुणी विचारलं नाही. त्यानंतर आई दर रविवारी आम्हा भावंडांना अंगणात उन्हात उभं करायची, पाठ, मांड्या, कानाच्या पाळ्या तपासायची, सुई टोचायची. आम्ही 'आई गं' म्हटलं की तिचा चेहरा खुलायचा. ती सांगायची — शिबं असलं तर खाजतं, त्याला भिऊ नये. पण जिथे टोचलेलं कळत नाही आणि घाम येत नाही, तिथे ते असतं.

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं. पुढे मी जे सांगणार आहे त्यात 'मला काय ठाऊक' हे वाक्य कुठेच बसत नाही. मी बसवून पाहिलं आहे, बऱ्याच वेळा.

तर, आमचा चित्रकलेचा वर्ग. सोलापुरात त्या वेळी चित्रकला शिकणं म्हणजे पोरगं वाया गेलं असंच समजत. एका कापडाच्या गोदामावरची खोली, पत्र्याचं छप्पर, दुपारी भोंगा झाला की गिरणीतून सुटलेल्यांच्या पायांचा आवाज खाली रस्त्यावरून जायचा आणि आम्ही आठ-दहा पोरं घामाने भिजत एका प्लास्टरच्या पावलासमोर बसलेलो. त्या पावलाचा अंगठा तुटका होता. वर्षभर आम्ही ते पाऊल काढलं, आणि एका परदेशी पुतळ्याचं डोकं. मग आम्ही कुणाचंही चित्र काढलं — मारुतीचं असो की भाजीवालीचं — नाक त्या पुतळ्याचंच यायचं.

मास्तर मुंबईत शिकून आलेले. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात कातडी सोललेला माणूस तांबड्या रंगात छापलेला. ते म्हणायचे, कातडी सगळ्यांनाच दिसते, चित्रकाराला तिच्या खालचं दिसलं पाहिजे. हाड कुठे वर येतं, मांस कुठे ताणतं, कुठे सैल पडतं. पण पुस्तकातला माणूस हलत नाही. म्हणून एक दिवस ते तालमीतून बिरूला घेऊन आले.

बिरू सांगोल्याकडचा धनगर. तिकडे पाऊस हुकला, मेंढरं गेली, तो आमच्या गावात येऊन गिरणीला लागला. पण जीव तालमीत. मास्तर स्वतः तरुणपणी त्याच तालमीत जात, त्या ओळखीने तो आला. तालमीची तांबडी माती धुऊन, लंगोट लावून, आमच्याकडे पाठ करून तो स्टुलावर बसायचा, आणि शेवटी मास्तर त्याला बदाम घातलेलं दूध द्यायचे. ती पाठ — मी त्यानंतर पुष्कळ पाठी पाहिल्या, मुंबईतही पाहिल्या. तशी नाही पाहिली.

आणि त्याला तिचा केवढा अभिमान. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की माणूस हरला; त्याच्या पाठीला अजून कुणी माती लावलेली नव्हती. हे तो आम्हाला रोज एकदा तरी सांगे. पण स्वतःची पाठ कुणाला दिसते? म्हणून तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. "कशी हाय वो पाट माजी? मला मेल्याला कंदी दिसायची न्हाय."

सांगतो. जरा थांबा.

मास्तरांची एक पद्धत होती. चित्र सुरू करायच्या आधी जिवंत अंगावर हाडांच्या खुणा करायच्या. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, गेरूच्या पाण्यात बुडवायचा, आणि बोटांनी हाड चाचपून त्याच्यावर ठिपके द्यायचे — कण्याचे मणके, कमरेवरचे दोन खळगे, आणि खांद्यामागचं रुंद हाड, त्याला खवाटा म्हणतात, त्याच्या कडा. माझा हात हलका, म्हणून हे काम माझ्याकडे. बिरूला गुदगुल्या फार व्हायच्या. एवढा पैलवान, पण काडी लागली की माशी बसलेल्या बैलासारखी त्याची कातडी थरथरायची. पोरं हसायची, तोही हसायचा.

एका जागी थरथरली नाही.

डाव्या खवाट्याच्या खाली, पैशाएवढी जागा. पहिल्या दिवशी मला ती वेगळीच दिसली — म्हणजे चित्रकाराला दिसते तशी. उन्हाळ्याचे दिवस, सगळी पाठ घामाने चकाकत होती, खिडकीतला उजेड तिच्यावरून ओघळत होता, आणि तेवढ्या ठिकाणी उजेड नव्हता. कोरडी. रंगाने जरा फिकी, कडेला तांबूस. आठवड्याने एकदा मुद्दाम तिथे दोनचार वेळा काडी टेकवली. बिरू दुसऱ्या पोराशी गप्पा मारत होता, तो मारतच राहिला.

मला आईची सुई आठवली. तालमीतल्या कुणी ती पाहिली असती तर शिबं म्हणून सोडून दिली असती; आणि तिथे पाठीवर तेल नाही तर माती, पाहणार कोण? वर्गातल्या पोरांना हाडं दिसत नव्हती तिथे हे काय दिसणार. दिसलं ते मला. त्यातही मी काय करावं? कागद अडकवायची टाचणी होती शर्टाला. मी ती काढली, आणि त्या जागी टोचली. हळू. मग जोरात. रक्ताचा थेंब आला, आणि बिरू सांगत होता की येत्या गड्ड्याच्या जत्रेत तो कुणाला चीत करणार आहे. तो थेंब मी गेरूच्या कापसाने पुसला. दोन्ही तांबडं. कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात त्याने मान वळवून रोजचं विचारलं, कशी हाय पाट. आणि मी म्हणालो, "एकदम स्वच्छ आहे, बिरू."

का म्हणालो? मुंबईच्या मोठ्या चित्रशाळेसाठी मास्तर त्या वर्षी एकच चित्र पाठवणार होते, आणि या पाठीच्या चित्रांतूनच ते निवडणार होते. बिरू गेला तर पाठ गेली. हे एक. दुसरं याहून लाजिरवाणं आहे. मी त्याला हात लावला होता. आठवडाभर, याच बोटांनी. मी बोललो असतो तर मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं असतं, आणि मग सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं असतं. आईने मला कुठल्या पडवीत ठेवलं असतं? मी घरी जाऊन राखेने हात घासले, कातडं सोलवटेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून काडी लांब घेतली.

चित्रात मी आधी ती जागा काढली होती. आपोआपच, हात डोळ्याच्या आधी चालतो. कोळशाची एक मंद छटा. मग पावाच्या गराने पुसली — आमच्या घरात पाव चालत नसे, म्हणून तो मी बाहेरच्या कोनाड्यात ठेवी, आणि त्या दिवशी अर्धा पाव संपवला. तरी छटा राहिली. मग रबर. मग चाकूच्या पात्याने कागद खरवडला आणि तिथे उजेड आणला. घामाचा चकाकता उजेड, जो तिथे कधीच नव्हता. मास्तरांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि नेमकी तीच जागा दाखवून म्हणाले, इथे कातडी जिवंत झाली आहे. माझी पाठ थोपटली.

चित्र मुंबईला गेलं, मला प्रवेश मिळाला, चित्र परत आलं. त्याच सुमाराला बिरूचं लग्न ठरलं, मंगळवेढ्याकडची मुलगी, यमुना. मी ते चित्र काच लावून, मागे पुठ्ठा मारून त्याला आहेर म्हणून दिलं. सगळ्यांना वाटलं, केवढं मन. तुम्हाला म्हणून सांगतो, मला तो कागद घरात नको होता. बिरूने ते दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेलं. स्वतःची पाठ आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. मग त्याने मला कवेत घेतलं, आणि मी ताठ, लाकडासारखा, श्वास रोखून उभा राहिलो.

हे सगळं इथे संपलं असतं तर? तर मी कदाचित इतकी वर्षं गप्प राहण्याइतका मोठा गुन्हेगार ठरलो नसतो. पण ऐका.

मी मुंबईला शिकत होतो तेव्हा बिरूची बोटं वाकायला लागली. पकड गेली. गिरणीतल्या तापलेल्या लोखंडावर हात ठेवला आणि कळलंच नाही, तेव्हा लोकांना कळलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतास तर बोटं वाचवता आली असती. हे मला मागाहून समजलं. बिरूच्या माणसांनी मात्र दुसरंच ठरवलं होतं — आमचा पोरगा लग्नापर्यंत लोखंडासारखा होता, हे सुनेनं आणलं. सुनेचा बाप म्हणाला, आमच्या घरात सात पिढ्यांत नाही, रोग तुमच्यात आधीचाच. शेवटी पंच बसले. मी सुट्टीत घरी आलो होतो. बोलावणं आलं.

तालमीमागे मोकळी जागा होती, लिंबाखाली. घोंगडी अंथरून म्हातारे बसले होते. बिरू एका बाजूला, हात धोतरात झाकून. आणि झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेलं — माझं चित्र. पुरावा होता तो. लग्नाआधीची पाठ, काचेत घातलेली. बिरूचा चुलता म्हणत होता, बगा, डोळं फोडून बगा, कुटं येक डाग हाय का.

यमुना पदर ओढून लांब बसली होती. तिला कुणी विचारत नव्हतं. पण ती उठली, चित्राजवळ आली, आणि पहिल्यांदाच बोलली. "हळद उतरून चार दीस झालं न्हवतं. म्या तेल चोळाया बसले तवा हितं डाग व्हता. बोट फिरवलं तर त्येस्नी कळलं न्हाय." आणि तिने काचेवर बोट ठेवलं.

डाव्या खवाट्याखाली. तीच जागा. एक रेघही इकडे तिकडे नाही.

बिरू हलक्या आवाजात म्हणाला — रागाने नाही, तिला समजावल्यासारखं — "चित्र कशाला खोटं बोलंल, यमने?" त्याचा विश्वास होता हो. तिच्यावर नव्हता असं नाही. माझ्यावर जास्त होता.

मला काय वाटत होतं सांगू? यमुनेची दया? नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की ऊन चढतंय, आणि कुणी मागचा पुठ्ठा काढून तो कागद उन्हासमोर धरला तर खरवडलेली जागा दिसेल. माझ्या काखा भिजल्या होत्या. मग तिच्या बापाने, डोक्यावर घोंगडं घेतलेल्या त्या म्हाताऱ्याने, माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वयाच्या पोरापुढे. "मास्तर, म्या अडानी मानूस. येक सांगा की. तवा तुमी जी पाट बगितली, ती जशी व्हती तशीच हितं काडलीया न्हवं?"

एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? बिरूची बोटं त्याने परत आली नसती. पण त्या मुलीचं नाव राहिलं असतं. मी मुंबईत शिकतोय, मास्तरांचा आवडता, इथल्या शाळेत नोकरी लागायची बोलणी चाललेली — आणि मी टाचणी टोचली होती, रक्त पुसलं होतं, हसून स्वच्छ म्हणालो होतो. एक धागा ओढला की सगळंच उसवलं असतं.

मी म्हणालो, "हो. जशी होती तशीच काढली."

म्हातारा मान हलवून खाली बसला. त्याने माझ्यावर संशय घेतला नाही. त्याने मुलीकडे बघितलं. यमुनेने काचेवरचं बोट काढून घेतलं. ती रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, नीट, आणि मला कळलं की तिला कळलं आहे. त्याच दिवशी बाप तिला घेऊन गेला. तिच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे तिकडच्या एका घोंगडीवाल्याकडून ऐकलं की गावात तिला वेगळ्या पाणवठ्यावर पाणी भरावं लागतं.

बिरू पुढे गावाबाहेरच्या महारोग्यांच्या दवाखान्यात गेला. जाण्याआधी चित्र माझ्या शाळेत आणून ठेवलं; दाराबाहेरच उभा राहिला, आत आला नाही. "तुमच्यापाशीच असू द्या. मला आता टांगाया भिंत न्हाय." तेव्हाही बोलता आलं असतं. मी त्याला बसायला सांगितलं नाही. तो गेल्यावर चित्राची चौकट फडक्याने धरून घरी नेली आणि कपाटामागे टाकली.

आणि यमुनेला मी आणखी एकदा पाहिलं. पुष्कळ वर्षांनी, मंगळवार बाजारात, घोंगड्यांच्या ढिगाजवळ लोकर कातत बसली होती. केस पांढरे. मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. दहाही बोटं शाबूत. चातीवर सूत भराभर उतरत होतं. चट्टा नाही, काही नाही. तिला तो रोग कधी शिवलाच नव्हता. मी पलीकडच्या बोळात वळलो आणि घरी येऊन माझी बोटं टोचून पाहिली. दुखली.

परवा कपाट हलवलं तेव्हा ते चित्र निघालं. काच तडकली होती. मी पुठ्ठा काढला, कागद खिडकीपाशी नेला आणि त्या दिवशी कुणी धरला नव्हता तसा उन्हासमोर धरला. पाठ काळी पडली, आणि खवाट्याखालच्या खरवडलेल्या जागेतून ऊन आरपार आलं. पैशाएवढं. इतकी वर्षं ते तिथेच होतं.

तो म्हातारा आता नसेल. बिरू गेला, हे मला माहीत आहे. यमुना आहे की नाही, ते मी कधी विचारलं नाही. पण प्रश्न मला विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे, ते इथे ठेवतो.

नाही, बाबा. जशी होती तशी काढली नाही. डाव्या खवाट्याखाली डाग होता, तुमच्या मुलीला हळद लागायच्या आधीपासून होता, आणि तिने बोट ठेवलं ती जागा बरोबर होती.